तंग, घोडा आणि ‘खोड’

खोगीर पाठीवर स्थिर राहावे म्हणून घोड्याच्या छातीखालून जो पट्टा आवळला जातो त्याला तंग म्हणतात. पुष्कळ घोडे हे आवळणे मुकाट्याने सोसतात. काही घोडे मात्र तंग हाती घेतलेला दिसताच कान मागे पाडतात, शेपटी झटकतात, मान वळवून चावावयास येतात, मागचा पाय उचलतात. आणि क्वचित एखादा तंग आवळताच अंग टाकून देतो. अशा घोड्याविषयी पागेत बहुधा एकच निर्णय ऐकू येतो : घोडा खोडीचा आहे. या निर्णयाला लोकोक्तीचेही पाठबळ आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण सहज म्हणून जातो. आमचे मत असे की, हा निर्णय बहुतेक वेळा घाईचा असतो. आणि त्याचा सर्वांत मोठा दोष हा की, जेथून शोधास आरंभ व्हावयाचा तेथेच तो शोध थांबवितो.

‘खोड’ हा शब्द स्वभावाचे वर्णन करतो. कारण सांगत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला तापट म्हणावे, तसाच हा प्रकार आहे. प्राण्याच्या वर्तनाचा अर्थ साध्या कारणाने लागत असेल तर त्याच्या ठिकाणी उच्च दर्जाचा मनोव्यापार कल्पू नये, असा नियम लॉईड मॉर्गन या मानसशास्त्रज्ञाने १८९४ साली घालून दिला. घोडा मुद्दाम त्रास देतो, कामचुकारपणा करतो, धन्याला जोखतो, असे म्हणताना आपण त्याच्या अंगी कट रचण्याची बुद्धी गृहीत धरतो. त्याला दुखत आहे, एवढे म्हणावयास मात्र आपण तयार नसतो. वस्तुतः दुसरे अनुमान अधिक साधे आहे, आणि ते तपासून पाहता येते.

प्रथम तंग जेथे बसतो ती जागा पाहू. माणसाच्या गळ्याखाली असते तसे जत्रुकास्थी हे हाड घोड्याला नसते. त्याचा छातीचा पिंजरा दोन पुढच्या पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. तंग उरोस्थीखालून, याच स्नायूंवरून आणि बरगड्यांवरून जातो. खोगीर, स्वार व चाल या तिघांचा ओढा त्यावर पडतो. इंग्लंडमध्ये स्पर्धेच्या घोड्यांवर दाबमापक पट लावून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, तंगाचा सर्वाधिक दाब छातीच्या मध्यावर नसून कोपराच्या मागे पडतो. दाब टाळणाऱ्या निराळ्या आकाराचा तंग वापरताच घोड्यांचे पाय अधिक मोकळेपणी पडू लागले. त्यापूर्वी ऑस्ट्रेलियात फिरत्या पट्ट्यावर घोडे धाववून केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तंग जितका अधिक आवळावा तितका घोडा लवकर थकतो, असे दिसून आले होते. म्हणजे जो घोडा तक्रार करीत नाही त्यालाही तंगाची किंमत मोजावी लागतेच.

दुसरे कारण पोटात असते. घोडा हा दिवसाचे चौदा-सोळा तास चरणारा प्राणी आहे. त्याच्या जठरात अम्लाचा स्राव अखंड चालू असतो. तोंडात घास असो वा नसो. त्या अम्लाचा जोर कमी करणारी लाळ मात्र तो चघळतो तेव्हाच सुटते. त्यातच जठराच्या वरच्या भागाला श्लेष्माचे संरक्षण नसते. घोड्याला दिवसातून दोन वेळा दाणा घालून मधले तास रिकाम्या ठाणावर उभे केले, आणि उपाशीपोटी दौडविले, तर पोटावर पडणाऱ्या दाबाने अम्ल वर चढते व त्या उघड्या अस्तराला व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांत हा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा घोड्याचा तंग आवळणे म्हणजे दुखऱ्या पोटाभोवती पट्टा ओढणे होय. दाण्यावरची इच्छा उडणे, अंग झडणे, केसांची झळाळी जाणे ही लक्षणे संशय उत्पन्न करतात. परंतु खात्री करून घ्यावयाची तर पशुवैद्याने सुमारे तीन मीटर लांबीची अंतर्दर्शक नळी जठरात घालूनच पाहावे लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय रुग्णालयात तंगाला विरोध करणाऱ्या ३७ घोड्यांच्या जुन्या नोंदी तपासण्यात आल्या व तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत जठरव्रण हे सर्वाधिक आढळलेले निदान होते. त्याशिवाय पायांचे व सांध्यांचे विकार, लंगडणे, न बसणारे खोगीर अशीही कारणे निघाली. या अभ्यासातील घोडे मुळात रुग्णालयात आणलेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तेव्हा त्यांवरून साऱ्या घोड्यांचे प्रमाण काढता येणार नाही. परंतु एवढे निश्चित की, ज्याला आपण एक खोड म्हणतो तिच्यामागे निरनिराळे विकार लपलेले असू शकतात.

तिसरे कारण सामानात असते. मराठीत निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतात. पण घोड्याच्या दृष्टीने खोगिराची भरती ही मोठ्या महत्त्वाची वस्तू आहे. भरतीत गाठी झाल्या, खोगिराचा सांगाडा मोडला वा तो अरुंद असला, तर तंग आवळताच तो सगळा दोष पाठीत रुततो. चावा मोतद्दाराच्या हाताला, परंतु दुखणे पाठीचे, असे तेव्हा घडते. तंगावर वाळलेला घाम व चिखल, त्याखाली सोललेले कातडे किंवा नायटा, ही तर डोळ्यांना दिसणारी कारणे आहेत. तरीही ती पुष्कळदा पाहिली जात नाहीत.

चौथे कारण स्मृतीचे. दुखणे बरे झाले, खोगीर बदलले, तरी घोडा पूर्वीसारखाच वागतो, असा अनुभव येतो. याचे कारण, तंग आणि वेदना यांची सांगड त्याच्या मनात पक्की झालेली असते. शिवाय आपण दात दाखविले की माणूस मागे सरतो, हेही तो शिकलेला असतो. खोडीचे समर्थक येथे आपला विजय मानतात. पण शिकलेल्या गोष्टीलाही आरंभ असतो. आणि जे शिकले गेले ते पुन्हा निराळे शिकविता येते. तंग एकदम न ओढता एक-एक छिद्र आवळावा, मध्ये घोड्याला चार पावले चालवावे, शांत उभा राहिला की दाब सैल करावा. मात्र दुखणे असताना हे शिक्षण देणे म्हणजे त्याला केवळ सोसावयास शिकविणे आहे. म्हणून आधी शरीर, मग सामान, मग स्मृती, हा क्रम सोडू नये.

आता शोधाची रीत. पहिला प्रश्न असा विचारावा : घोडा नेमका कोणत्या क्षणी बिथरतो? खोगीर दृष्टीस पडताच, पाठीवर टेकताच, तंगाचा स्पर्श होताच, आवळताच, की स्वार चढताच? प्रत्येक क्षण निराळ्या कारणाकडे बोट दाखवितो. दुसरे, खोगीर दूर ठेवून तळहाताने कोपरामागे, उरोस्थीवर व पाठीच्या दोन्ही अंगांना हळूहळू दाब द्यावा. जेथे कातडी थरकते ती जागा टिपून ठेवावी. तिसरे, घोड्याचा चेहरा पाहावा. ताठ मागे वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, ताणलेल्या नाकपुड्या ही वेदनेची चिन्हे इटलीतील संशोधकांनी २०१४ साली मोजमापाच्या रूपात मांडली. पुढे २०१८ साली इंग्लंडच्या पशुवैद्य स्यू डायसन व त्यांचे सहकारी यांनी स्वार असलेल्या घोड्याच्या २४ वर्तनचिन्हांची यादी दिली व त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्यास वेदनेचा दाट संशय घ्यावा, असे सुचविले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा मोडली जाते. एका वेळी एकच बदल करावा. तंग बदलला, दाणा बदलला, औषध दिले आणि घोडा सुधारला, तर कशाने सुधारला हे कोण सांगणार? बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याची कथा येथे आठवावी. तो गणिते सोडवितो असा बोलबाला १९०४ साली झाला. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने एक-एक परिस्थिती बदलून पाहिली. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला, की हान्स चुकू लागे. घोडा माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचीत होता, हे १९०७ साली सिद्ध झाले. यातून दुहेरी बोध मिळतो. शोध कसा करावा हे तर कळतेच. शिवाय मोतद्दाराच्या अंगातील भीती वा राग हेही एक कारण असू शकते, हेही ध्यानात येते. म्हणून तोच घोडा, तेच सामान, पण हात दुसऱ्याचे, असाही एक प्रयोग करावा.

यावर एक आक्षेप येईल. माथेरान-महाबळेश्वरला भाड्याने घोडा देणाऱ्याने, किंवा हिमालयातील यात्रामार्गावर खेचर हाकणाऱ्याने, अंतर्दर्शक नळी कोठून आणावी? आक्षेप खरा आहे. पण त्याने सारा शोध अशक्य ठरत नाही. वर सांगितलेल्या तपासण्यांपैकी बहुतेकींना लागतात ते दोन हात, दोन डोळे आणि एक वही. तंग धुणे, भरती चाचपणे, कामाला जुंपण्यापूर्वी थोडा चारा घालणे यांना खर्च नाही म्हटला तरी चालेल. वैद्याकडे जाताना क्षणांची नोंद असलेली वही सोबत असली, तर त्याचेही काम निम्मे हलके होते. अश्ववैद्यकाला शालिहोत्राच्या नावाने ओळखणाऱ्या आपल्या देशात घोड्याचे दुखणे ऐकून घेणे ही परकी कल्पना खास नव्हे.

याउलट चाबकाचा उपाय स्वस्त वाटतो, पण तो महाग पडतो. मार खाल्लेला घोडा कदाचित दात दाखविणे सोडील. दुखणे मात्र जागच्या जागी राहील. सूचना देणे बंद झालेला असा घोडा एखाद्या दिवशी स्वार पाठीवर असताना उसळतो, आणि त्या स्वारांत पुष्कळदा शाळकरी मुले असतात. शिवाय रोग, जखम वा व्रण यांमुळे कामास अयोग्य झालेल्या प्राण्याला राबविणे हा भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अपराध ठरविला आहे. प्राणी अयोग्य आहे की नाही हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

तेव्हा जेथे जेथे घोडे पाळले जातात तेथे ‘खोडीचा’ हा शेरा मारण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढण्याचा प्रघात पडावा : कोणत्या क्षणी, अंगाच्या कोणत्या जागी, कोणत्या सामानाने, आणि कोणाच्या हाती. ही चार उत्तरे मिळाल्यावरही ज्याला तो शेरा मारावासा वाटेल त्याने खुशाल मारावा. आमचा अंदाज असा की, तसे प्रसंग फार थोडे उरतील.