बर्फाचा प्रदेश आणि द्राक्षाचे वाण

झाशीच्या लक्ष्मी तालाच्या काठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. रत्नागिरीकडून निघालेले हे घराणे बुंदेलखंडात पोहोचले, तेव्हा कोकणातील पाऊस आणि नारळी-पोफळी मागे राहिल्या होत्या. समोर होती उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारी खडकाळ जमीन. त्याच झाशीत 2021 च्या जानेवारीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला, आणि पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला. थंड हवेचे म्हणून ओळखले जाणारे हे पीक तेथे येऊ शकले, याचे कारण सोपे आहे. बुंदेलखंडाचा उन्हाळा सर्वांच्या लक्षात राहतो. त्याची थोडक्या दिवसांची पण खरी थंडी मात्र कोणी विचारात घेत नाही. पिकाने तेवढीच खिडकी वापरली. मे महिन्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

प्रतिकूल हवामानात नेमके काय पाहावे, याचे याहून मोठे उदाहरण जपानमध्ये सापडते. निइगाता प्रांतातील जोएत्सू हा अतिहिमवृष्टीचा भाग. भात हेच मुख्य पीक, आणि हिवाळ्याचे कित्येक महिने शेते बर्फाखाली. अशा ठिकाणी कावाकामी झेन्बेई या जमीनदाराने 1890 मध्ये इवानोहारा ही द्राक्षबाग आणि तिच्याच जोडीने वायनरी उभी केली. भाताला न मानवणाऱ्या डोंगरउतारावर कुळांना दुसरे उत्पन्न मिळावे, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी त्याने घराण्याची बहुतेक संपत्ती खर्ची घातली, ही गोष्ट आजच्या प्रकल्प अहवालांच्या काळात जरा विचित्रच वाटते.

कावाकामीने प्रथम परदेशी वाण आणून लावले. युरोपीय वेली दमट हवेत रोगाला बळी पडत. अमेरिकन वेली तगत, परंतु त्यांच्या फळाचा उग्र वास वाईनला मारक ठरे. अखेर 1922 पासून त्याने स्वतः संकर करण्यास आरंभ केला. दहा हजारांहून अधिक संकरांतून बावीस वाण त्याने निवडले. त्यांपैकी ‘मस्कट बेली ए’ हा 1927 चा संकर आज जपानमध्ये तांबड्या वाईनसाठी सर्वाधिक लावला जाणारा वाण आहे. त्याची एक बाजू अमेरिकेत टेक्सास येथे तयार झालेल्या ‘बेली’ची, तर दुसरी युरोपीय ‘मस्कट हॅम्बर्ग’ची.

बर्फाशी त्याने वैर धरले नाही, ही त्याहून महत्त्वाची बाब. वाईन आंबताना उष्णता निर्माण होते. तापमान फार चढले की किण्व मंदावते, स्वाद बिघडतो. कावाकामीने हिवाळ्यातील बर्फ साठवून ठेवण्याची कोठी बांधली आणि त्या गारव्यावर किण्वनाचे तापमान आवरले. वीज आणि शीतयंत्रे सहज मिळण्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हे घडले. आजही होक्काइडो बेटावरील बागाईतदार वेली तिरक्या वाढवतात. हिमवृष्टीपूर्वी त्या जमिनीलगत निजवता येतात, आणि वर साचलेला बर्फ त्यांचे कडाक्याच्या थंडीपासून पांघरुणाप्रमाणे रक्षण करतो.

महाराष्ट्राची परिस्थिती अर्थातच याच्या उलट आहे. ऑक्टोबरात होक्काइडोमध्ये काढणी होत असते, तेव्हा नाशिकच्या बागेत फळछाटणी चाललेली असते. येथे वेलीला थंडीची झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांवर वर्षाचे चक्र उभे आहे. हिवाळ्याच्या गार रात्री हे येथील भांडवल, तर अवकाळी पाऊस, केवडा आणि भुरी हे येथील शत्रू. तरीही वाईनसाठी लावलेले बहुतेक वाण फ्रान्सची नावे मिरवणारेच राहिले. बाटलीवरील नाव ग्राहकाला ओळखीचे हवे, हा व्यापाऱ्याचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण फवारणीचा खर्च व्यापारी करत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘कटाव्बा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून एआरआय-516 हा वाण तयार केला आहे. येथेही एक बाजू अमेरिकन आणि दुसरी युरोपीय. कावाकामीने धरलेली वाट हीच. हा वाण बुरशीजन्य रोगांना प्रतिकारक आहे आणि रस, जॅम व तांबडी वाईन या तिन्हींसाठी उपयोगी आहे. या बहुउपयोगाचे मोल विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांपुढे नीट मांडावयास हवे. कारण वाईनचे बारीक, बियांचे, जाड सालीचे द्राक्ष वायनरीने नाकारले, तर मंडईत त्याला कोणी विचारत नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. 2001 च्या राज्य धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क आले, वायनऱ्या झपाट्याने वाढल्या, आणि त्यांच्या भरवशावर बागाही. 2008 च्या मंदीनंतर मागणी घसरली. अनेक वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. क्षेत्र आधी वाढले, बाजार नंतर शोधला गेला. लेखी करार, दराचे सूत्र आणि पैसे देण्याची मुदत ठरल्यावाचून एक एकरही वाईनद्राक्ष लावण्याची शिफारस करणे, हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

धोरणाच्या अंगानेही जपानकडून घेण्याजोगे काही आहे. तेथे फळवाईनच्या परवान्यासाठी वर्षाला किमान सहा हजार लिटर उत्पादनाची अट असते. होक्काइडोतील योइची या गावाला 2011 मध्ये विशेष क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि तेथील बागाईतदारांसाठी ही अट दोन हजार लिटरवर आली. त्यामुळे थोड्या क्षेत्राचा मालकही स्वतःच्या द्राक्षाची वाईन स्वतः करू लागला. महाराष्ट्रात वाईनवरील चर्चा 2022 मध्ये सुपरमार्केटमधील विक्रीच्या वादात अडकली. मद्याविषयीचे सामाजिक आक्षेप गंभीर आहेत, ते झटकून टाकण्याचे कारण नाही. पण ती चर्चा बाटली कोठे विकावी याची होती. चार-पाच एकरांच्या बागाईतदाराला, किंवा अशा काही जणांच्या उत्पादक कंपनीला, परवडेल एवढी लहान वायनरी कायद्यात कशी बसवावी, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. उत्पादन शुल्क, कृषी आणि उद्योग या तिन्ही खात्यांना एकत्र बसवून तो विचारण्याचे काम संशोधन संस्थांनीच हाती घ्यावे. वाणाच्या चाचण्या बागाईतदारांच्या शेतावर चालू असतानाच ही बोलणी झाली, तर रोपे तयार होईपर्यंत त्यांना गिऱ्हाईकही तयार असेल.