सातासमुद्रापलीकडची कथास्पर्धा



बेळगावकडील एका तरुण भगिनीने विचारले आहे, "मी मराठीत कथा लिहिते. राष्ट्रकुल लघुकथा पारितोषिकासाठी एक कथा पाठवावी असे मनात आहे. पण माझे इंग्रजी बेताचेच. तर या वाटेस जावे काय?"

जावे, असे आमचे मत आहे. राष्ट्रकुल प्रतिष्ठान हे पारितोषिक २०१२ सालापासून देत आहे. प्रवेशशुल्क मुळीच नाही. लेखक राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक व १८ वर्षे पूर्ण झालेला असावा. कथा २,००० ते ५,००० शब्दांची व अप्रकाशित असावी. म्हणून कौतुकाच्या भरात ती आधी इंटरनेटवर कोठेही टाकू नये. पाच विभागांतील विजेत्यांस प्रत्येकी २,५०० पौंड आणि त्यांतील सर्वश्रेष्ठास ५,००० पौंड मिळतात. २०१६ साली पराशर कुलकर्णी हे सर्वश्रेष्ठ ठरलेले पहिले भारतीय होत. २०२४ साली ७,३५९ कथांतून मुंबईच्या संजना ठाकूर यांची कथा निवडली गेली. या आकड्याने कोणी भिऊ नये. पण बक्षिसाच्या भरवशावर कर्जही काढू नये!

गोव्यातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोर्तुगीज भाषेत कथा पाठविता येते. परंतु ज्याने पोर्तुगालचे नागरिकत्व पत्करून भारताचे सोडले, त्यास त्या नागरिकत्वावर प्रवेश नाही, कारण पोर्तुगाल राष्ट्रकुलात नाही.

आता भाषेचा प्रश्न. बंगाली व तमिळ कथा मूळ भाषेतच स्वीकारल्या जातात. त्या यादीत मराठी नाही, हे मनास लागते खरे. तथापि मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद चालतो, आणि तशी कथा विजयी झाल्यास अनुवादकासही निराळे मानधन मिळते. तेव्हा भगिनीने मोडक्या इंग्रजीत नवी कथा रचण्याच्या भरीस पडू नये. मराठीतच मन लावून लिहावे व दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकास हाताशी घ्यावे.

हे नुसते धीर देण्यासाठी म्हणत नाही. पालगुम्मी पद्मराजू हे तेलुगू लेखक. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या जागतिक कथास्पर्धेत १९५२ साली त्यांच्या 'गालिवाना' या कथेस दुसरे पारितोषिक मिळाले. कथेत काय आहे? वादळी रात्र, एक लहानसे रेल्वे स्थानक, तत्त्वनिष्ठ असा एक प्रौढ गृहस्थ आणि एक भिकारीण. परदेशी वाचकासाठी मुद्दाम सजविलेला हिंदुस्थान त्यात नाही. अनुवादकासही हेच सांगावे, की भाकरीचा पाव करू नको, आणि आत्याबाईचे नाते समजाविण्यात अर्धे पान घालवू नको. चांगला वाचक ते संदर्भाने ओळखतो.

शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा खोटी असते असे नव्हे. इंग्लंडातील नामांकित ब्रिडपोर्ट पारितोषिकासही शुल्क पडते. परंतु "तुमची कथा निवडली गेली आहे, आता पुस्तकाच्या इतक्या प्रती विकत घ्या" असे कोणी कळविल्यास पैसे पाठवू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांनीही तेथे लक्ष घालावे.

अलीकडील वर्षांत राष्ट्रकुलाच्या प्रवेशिका १ सप्टेंबरपासून १ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सर्व संतांच्या सणापर्यंत, इंटरनेटवरूनच घेतल्या गेल्या. अनुवादास व तो तपासण्यास महिना तरी लागतो. तेव्हा मराठी खर्डा मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, ८ सप्टेंबरच्या आसपास, हातावेगळा झालेला बरा. पाठविण्यापूर्वी त्या वर्षाचे नियम मात्र पुन्हा वाचून घ्यावेत.