टिटवीची अंडी आणि घरातला कॅमेरा

कोल्हापुरास कॅमेऱ्याचे अप्रूप नाही. ज्या गावात बाबूराव पेंटर ह्यांनी स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर चित्रण करून १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणली, त्या गावात आज घरोघरी, निदान मोबाइलच्या रूपाने, कॅमेरा नांदत असावा ह्यात नवल कसले? नवल इतकेच की, एरवी मुंजी-बारशांपलीकडे न जाणारा हा कॅमेरा अलीकडे पहाटे उठून रंकाळ्यावर जाऊ लागला आहे. कळंब्याचा तलाव, शिवाजी विद्यापीठाचे माळावरील आवार, पंचगंगेकाठची शिवारे, जेथे जावे तेथे गळ्यात लांबलचक भिंग अडकवून पाखरांमागे हिंडणारी माणसे दिसतात. त्यांत कॉलेजातील मुले असतात, तसे सेवानिवृत्त गृहस्थही असतात. छंद उत्तम आहे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यास उत्तेजनच द्यावे.

ह्या कलेचे तंत्र शिकविणारी पुस्तके पुष्कळ आहेत; आम्ही दोनच गोष्टी सांगतो. सकाळी तळ्याच्या पूर्वेकडील काठावर उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी पक्षी पाण्यावर स्पष्ट उमटतो. दुसरी गोष्ट, पाखराच्या रोखाने सरळ चालत जाऊ नये. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या बंधूंनी १८९२ साली घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून ही विद्या चालत आली आहे. पाखरांनी भिऊ नये म्हणून त्यांनी पुढे एक पोकळ बैल तयार केला व त्याच्या पोटात बसून चित्रे टिपली. आपल्याकडे हा खटाटोप नको. ऊसतोडणीच्या दिवसांत फडाच्या बांधावर स्वस्थ बसावे. खरे बैल, खऱ्या गाड्या आणि कोयत्यांचा आवाज ह्यांची सवय झालेले गायबगळे आणि कोतवाल उडणारे किडे टिपण्यासाठी आपण होऊन जवळ येतात. मात्र फडाच्या धन्यास आधी विचारावे, हे निराळे सांगावयास नको.

परंतु कीर्टन बंधूंनी जेथे आरंभ केला, त्या घरट्याविषयी आज आम्हांस थोडे अधिक बोलावयाचे आहे.

टिटवीचे उदाहरण घेऊ. ही घरटे असे बांधतच नाही. मार्च-एप्रिलच्या सुमारास उघड्या माळावर एखादा उथळ खळगा पाहून, भोवती चार खडे मांडून, त्यात ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी असा मिळून जातो की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. ही उबवण सुमारे चार आठवडे चालते, आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने बसतात. आपण उबवण म्हणतो खरे, पण वैशाखातील दुपारी त्यांचे काम नेमके उलटे असते. अंडी तापू नयेत म्हणून ती त्यांवर सावली धरून उभी राहतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी निववितात. आता अशा वेळी कोणी हौशी मनुष्य कॅमेरा घेऊन तेथे अर्धा तास ठाण मांडून बसला, तर त्या अंड्यांची काय गत होईल ह्याचा विचार प्रत्येक गृहिणीने करावा. तापलेल्या तव्याशी तिचा रोजचाच संबंध आहे!

आणि गंमत (तीस गंमत म्हणावयाचे असेल तर) अशी की, त्या अर्ध्या तासात चित्रे फार बहारीची मिळतात. टिटवी पंख पसरून डोक्यावर घिरट्या घालते, चोच उघडून आक्रोश करते, अंगावर झेप घेते. पाहणारा म्हणतो, ‘वा! काय जिवंतपणा आहे!’ तो जिवंतपणा नव्हे, ती आकांताची मुद्रा आहे. हे एकदा कळल्यावर तसली चित्रे भिंतीवर लावणे आम्हांस तरी रुचत नाही. टिटवी ओरडली की अशुभ, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत. आमच्या मते अशुभ असलेच तर ते त्या बिचारीला आहे. पंचतंत्रातील टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा तिला गरुडाकरवी प्रत्यक्ष विष्णूकडे दाद मागता आली. माळावरच्या टिटवीने कोणाकडे जावे?

कायद्याने तिची थोडी सोय केली आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ ह्या शब्दाची व्याख्या दिली आहे. तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस अथवा घरट्यांस उपद्रव देणे ह्याचाही समावेश होतो. शिकार म्हणजे काय हे कोल्हापूरकरांस शिकवावयास नको. दाजीपूरचे रान एके काळी राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ साली तेच गव्यांचे अभयारण्य झाले. बंदुकीने सोडलेली जागा कॅमेऱ्याने धरावी, हे काही बरे नव्हे.

घरातील कुंडीत किंवा दिव्याच्या छत्रीवर बुलबुलाने संसार थाटला, म्हणजे सर्वांत मोठा प्रश्न उभा राहतो, कारण तेथे मुलांना आवरावे कसे? दिवसाकाठी एकदा, खोलीच्या दाराशी उभे राहून, सर्वांनी मिळून पाहावे. फांद्या वाकवू नयेत, प्रखर दिवा पाडू नये. माणसांची ये-जा पाहून कावळ्यास घरट्याचा सुगावा लागतो. पिल्ले उडण्याच्या बेतात आली असता कोणी फार जवळ गेले, तर ती भिऊन वेळेआधीच उड्या टाकतात आणि मांजराच्या तोंडी जातात. उणेपुरे चार आठवडे ती खिडकी उघडली नाही, तर कोणाचे अडते?

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्यास बोलावण्याची युक्तीही विणीच्या दिवसांत वर्ज्य समजावी. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे वाटून ते दाणापाणी सोडून भांडावयास येते.

राहता राहिली चित्रे इतरांस पाठविण्याची गोष्ट. अनेक मोबाइल चित्राबरोबर ते जेथे घेतले त्या स्थळाची नोंदही आपोआप ठेवतात. चुकून एखादे घरटे चित्रात आलेच, तर ती नोंद पुसून टाकावी आणि चित्र घरातच ठेवावे. चित्रामागे तारीख, वेळ आणि पाखराचे नाव जरूर लिहावे. गावाच्या नावाच्या जागी ‘कोल्हापूरनजीक’ एवढे लिहिले की पुरे.