एका वर्षाचा संघ

महाविद्यालयाचा संघ हंगामाच्या आरंभीच हरू लागला की त्याचे खापर खेळाडूंच्या कोवळ्या माथ्यावर फोडण्याची रीत सर्वत्र आहे. मुलांत जिद्द नाही, शिस्त नाही, मागची पिढी कशी जिवाच्या कराराने खेळत असे, अशी प्रवचने मग झोडली जातात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला 2020-21 च्या हंगामात हेच ऐकावे लागले. त्या संघाची हकीकत आज पुन्हा सांगावीशी वाटते ती अशासाठी की, त्या गदारोळात खरा अपराधी सहीसलामत निसटला.

केंटकी हे लहानसहान नाव नव्हे. आठ राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या खात्यावर जमा आहेत. 2020 च्या 25 नोव्हेंबरला मोअरहेड स्टेटचा 81-45 असा फडशा पाडून त्याने हंगामाचा शुभारंभ केला आणि त्यानंतर लागोपाठ सहा सामने गमावले. सात सामन्यांत अवघा एक विजय! इतका वाईट आरंभ या संघाने शंभराहून अधिक वर्षांत पाहिला नव्हता.

रिचमंडविरुद्ध या मुलांनी तीन गुणांच्या रेषेबाहेरून दहा वेळा चेंडू फेकला; एकदाही तो जाळीत पडला नाही. बाहेरून नेम लागत नाही हे एकदा ध्यानी आले की प्रतिपक्ष निर्धास्तपणे बास्केटखाली गर्दी करतो. मग आत शिरायला वाट उरत नाही, आणि वाट नाही म्हणून जो तो एकट्यानेच चेंडू घेऊन गर्दीत घुसतो व तो हातचा घालवून बसतो. त्या दिवशी रिचमंडची मदार होती ती चौथ्या वर्षाच्या, एकमेकांच्या खोडी जाणणाऱ्या खेळाडूंवर. करोनाच्या साथीने सर्वांचाच पूर्वसराव आखडला होता, हे खरे. तथापि ज्यांची आधीची ओळख होती त्यांचे त्यात फारसे बिघडले नाही. ज्यांची ओळखच व्हायची होती ते उघडे पडले.

बचावाची कथा याहून बोलकी आहे. बास्केटबॉलमध्ये बचाव एकट्याचा नसतोच. आपल्याला चकवून प्रतिस्पर्धी आत शिरला तर मागचा सोबती पुढे सरणार, त्याची सुटलेली जागा तिसरा भरणार, हे सारे न बोलता घडावे लागते. क्षणभराचा संशयही तेथे घातक ठरतो. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात स्वतःची नक्कल चोख पाठ असलेला नटसुद्धा समोरच्याच्या वाक्यावर अडखळतो, कारण तालमी पुरेशा झालेल्या नसतात. त्यातलाच हा प्रकार. नोत्र दामविरुद्ध मध्यंतराला केंटकी 26-48 असा मागे होता. उत्तरार्धात त्याच पोरांनी प्रतिपक्षाला अवघे 16 गुण करू दिले, स्वतः 37 केले आणि सामना 64-63 असा एका गुणाने हरले. जिद्द नसलेला संघ बावीस गुणांची पिछाडी अशी भरून काढील काय? त्यांच्यापाशी नव्हता तो वेळ.

आणि हा वेळ त्यांच्याकडून कोणी हिरावला होता? 2006 पासून अमेरिकेच्या व्यावसायिक संघांनी नियम केला की, एकोणीस वर्षे पुरी झाल्यावाचून आणि शाळा सोडून एक वर्ष लोटल्यावाचून अमेरिकन मुलाला घ्यावयाचे नाही. ते मधले एक वर्ष काढण्याचे ठिकाण म्हणजे महाविद्यालय! केंटकीचे तत्कालीन प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी याचीच पद्धत बनवली. दरवर्षी देशभरातून नावाजलेली मुले गोळा करायची, वर्षअखेर त्यांना निरोप द्यायचा, पुन्हा नवी आणायची. 2012 साली या पद्धतीला विजेतेपद लाभले, पण त्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर दुसऱ्या व चौथ्या वर्षाचे जाणते गडीही होते, हे सोयीस्करपणे विसरले गेले. विद्येच्या मंदिराला धर्मशाळेची कळा आणणारे हे धोरण आम्हांस कधीच पटले नाही.

पराभवांची ही मालिका खंडित झाली ती 2 जानेवारी 2021 रोजी, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, दोनदा जादा वेळ खेळून, 78-73 अशी. त्या दिवशी तीन गुणांच्या सात फेकी साधून 23 गुण करणारा डोन्टे ॲलन हा केंटकी राज्याचाच मुलगा. आदले अख्खे वर्ष त्याने न खेळता संघासोबत काढले होते. योगायोग म्हणावा तर म्हणावा.

पुढे हंगाम 9 विजय आणि 16 पराभवांवर संपला. त्यावर उपाय काय निघाला, तर इतर महाविद्यालयांतून तयार, वयाने थोर खेळाडू आणणे. 2021 पासून असे स्थलांतर खेळाडूंना सुलभ झाले. 2025 पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदलाही देऊ शकतात. मुलांच्या घामाचा पैसा मुलांच्या हाती पडावा, याला आमचा आक्षेप नाही. तो फार पूर्वीच पडायला हवा होता. पण संघ पुन्हा दरवर्षी नवाच, आणि आरंभीची अडखळ पुन्हा त्याच पोरांच्या माथी.

केंटकीच्या त्या संघात टेरेन्स क्लार्क नावाचा मुलगा होता. बोस्टनहून आलेला, मोठ्या आशेने आणलेला. दुखापतीमुळे त्याला आठच सामने खेळता आले. हंगाम संपल्यावर, 22 एप्रिल 2021 रोजी, व्यावसायिक संघात निवड व्हावी म्हणून सराव करीत असताना लॉस एंजेलिस येथे मोटार अपघातात तो दगावला. वय 19.