चूल, बीअर आणि कायद्याची रेघ

रविवारच्या पुरवणीत, सकाळच्या चहाबरोबर, बीअरवरचा लेख वाचायला मिळणे काही घरांत रुचणार नाही. त्यातून विषय बीअर पिण्याचा नसून ती घरी करण्याचा, म्हणजे आगीत तेलच, असेही कोणी म्हणेल. म्हणून एक खुलासा आधीच केलेला बरा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि हा लेख वाचून कोणी स्वयंपाकघरात पिंप मांडावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. एखादी वस्तू माणूस स्वतःच्या घरी, स्वतःपुरती करतो आणि तीच वस्तू दुसरा कोणी विकण्यासाठी करतो, तेव्हा कायद्याने दोघांना एकाच मापाने मोजावे काय? ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांनी गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाचे उत्तर शोधले. ते उत्तर आपल्यालाही विचारात पाडणारे आहे.

घरी बीअर करणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. ब्रिटनमध्ये या छंदाची सुरुवात बहुधा एका डब्याने होते. दीड-पावणेदोन किलोच्या त्या डब्यात काकवीसारखा दाट, काळसर पाक असतो. हा माल्टचा पाक. त्यात हॉप्सचा कडवटपणा आधीच उतरवलेला असतो. डब्याबरोबर यीस्टची छोटी पुडी येते. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, गार पाणी ओतून सगळे मिळून २३ लिटर करायचे, कोमट झाले की यीस्ट भुरभुरायचे आणि झाकण लावून आठवडाभर बाजूला ठेवायचे. मग बाटल्या भरायच्या. प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर, म्हणजे आत वायू तयार होऊन फेस येतो. पुढे आणखी दोन आठवडे धीर धरायचा.

माल्ट हा शब्द परका वाटला तरी वस्तू परकी नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व करतात तेव्हा नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात. बार्लीचे, म्हणजे जवाचे, हेच केले आणि मोड आलेले दाणे भट्टीत वाळवले की झाले माल्ट. दाण्याला मोड येताना त्याच्यात अशी द्रव्ये तयार होतात, की जी पिठाची साखर करतात. छंदात मुरलेली मंडळी डब्याच्या वाटेला जात नाहीत. ती दाणे आणून भरडतात, ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात, गाळलेला गोड अर्क उकळतात आणि त्यात हॉप्स टाकतात. हॉप्स ही एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुले. त्यांनी कडवटपणा येतो, सुवास येतो आणि बीअर टिकते.

या सगळ्यात सर्वांत मोठे काम कोणते? भांडी घासणे! पिंप, नळी, चमचा, बाटली, सगळे निर्जंतुक हवे. नाहीतर २३ लिटर आंबट पाणी मोरीत ओतावे लागते. आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. थंडी पडली की आंबणे मंदावते, उकाडा वाढला की चव बिघडते. डिसेंबरात इडलीचे पीठ फुगत नाही म्हणून भांड्यावर घोंगडी घालणाऱ्या, पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री दुधाचा कोमटपणा बोटाने तपासून विरजण लावणाऱ्या आपल्या गृहिणीला यातले काहीच नवे वाटणार नाही. आंबील, ताक, कांजी, लोणचे ही सगळी याच कुळातली मंडळी. फरक शेवटी काय तयार होते याचा आहे. तो लहान नाही; त्याकडे मी येणारच आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे काम बायकाच करीत. घरासाठी एल नावाची बीअर करायची, जास्त झाली तर दारावर काठी लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायची. ब्रूस्टर हे आज आडनाव म्हणून उरलेले नाव मुळात बीअर करणाऱ्या बाईचे. हॉप्सशिवाय केलेली ती एल काही दिवसांत आंबून जाई, म्हणून ती थोडी थोडी आणि वरचेवर करावी लागे. पंधराव्या शतकापासून हॉप्स घातलेली बीअर इंग्लंडमध्ये रुजली. ती टिकू लागली, दूरवर जाऊ लागली, मोठ्या प्रमाणावर करणे परवडू लागले. मोठ्या कामाला भांडवल लागते, संघटना लागते. दोन्ही पुरुषांकडे होती. चुलीवरचे काम कारखान्यात गेले आणि बाई त्यातून बाहेर पडली. कितीतरी धंद्यांची हीच कथा आहे.

तरीही घरोघरी, विशेषतः शेतावर, बीअर होतच राहिली. तिच्यामागे सरकार लागले ते कशासाठी? माणसे पिऊन बरबाद होतात म्हणून? नाही. ब्रिटनमध्ये १६९७ पासून माल्टवर कर होता. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी तो उठवला आणि कर थेट बीअरवर बसवला. आता तयार बीअर मोजायची तर ती कुठे कुठे तयार होते हे सरकारला ठाऊक हवे. म्हणून स्वतःच्या घरी बीअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. प्रश्न नीतीचा नव्हता, हिशेबाचा होता. पुढची ८३ वर्षे ही अट कागदावर राहिली. अखेर १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी ती रद्द केली. स्वतःसाठी करा, कर नाही, परवाना नाही; एक बाटली जरी विकली तरी मात्र गुन्हा. काही वर्षांतच बीअरचे डबे बूट्स या औषधांच्या दुकानांत, खोकल्याच्या औषधाशेजारी, मिळू लागले.

अमेरिकेला अधिक वेळ लागला. तिथे १९२० ते १९३३ ही तेरा वर्षे देशभर दारूबंदी होती. त्या काळात माल्टच्या पाकाचे डबे पाव-बिस्किटांसाठी म्हणून राजरोस खपत; त्यांतले किती पावात गेले हे सांगायला नको. बंदी उठल्यावर घरी वाइन करण्याला मुभा मिळाली, बीअरला मात्र मिळाली नाही. जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी एका विधेयकावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ही उणीव दूर झाली. मर्यादा स्पष्ट होत्या. घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विक्री नाही. आणि दारू गाळण्याच्या बंदीला या कायद्याने हातही लावला नाही. राज्यांना आपापले नियम करण्याची मोकळीक होती. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये होकार दिला. म्हणजे पस्तीस वर्षे वाद चालला, प्रत्येक राज्याने आपल्या मनाने घेतले आणि मग निर्णय झाला. लोकशाहीत हे असेच व्हायला हवे.

यातून काय निष्पन्न झाले? अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बीअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते आणि देशभर एकसारखी, फिकी बीअर मिळत होती. आज तिथे नऊ हजारांहून अधिक लहानमोठे कारखाने आहेत. त्यांचे जनक बरेचसे घरी पिंप मांडणारेच होते. केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चिको गावी घरगुती बीअरच्या सामानाचे दुकान काढले. त्यातूनच सिएरा नेवाडा हा कारखाना उभा राहिला आणि १९८० मध्ये तिथे पहिली बीअर झाली. स्टीव्ह हिंडी हे पश्चिम आशियात वार्ताहर होते. जिथे दारू मिळत नाही अशा देशांत राहिलेल्या अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांकडून ते घरी बीअर करायला शिकले आणि परत आल्यावर त्यांनी ब्रुकलिनमध्ये कारखाना काढला. घरच्या माणसाला करू दिले की धंदाही सुधारतो, हा यातला धडा. गिऱ्हाईक स्वतः करून पाहिलेले असले, की त्याला काहीही गळ्यात मारता येत नाही.

आता त्या न टाळता येणाऱ्या मुद्द्याकडे. दारूने घरे मोडतात. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दारूचे दुकान बंद होते, हा अधिकार त्यांनी झगडून मिळवला आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांनी दारूबंदी स्वीकारली, तीही लोकांच्या आग्रहातून. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. घरची बीअरही बीअरच आहे. ती घरात, मुलांच्या डोळ्यांदेखत तयार होते आणि २३ लिटर संपवायची असते, ही काळजी खोटी नाही. छंद म्हटल्याने नशा उतरत नाही.

पण या बायकांचा राग कशावर आहे, हे नीट पाहावे. तो गुत्त्यावर आहे, दुकानावर आहे, पगाराच्या दिवशी वाटेत उभ्या असलेल्या विक्रेत्यावर आहे. त्यांची लढाई विक्रीशी आहे. ब्रिटन आणि अमेरिकेच्या कायद्यांनीही रेघ नेमकी तिथेच ओढली. तीन आठवडे थांबायला लावणारी वस्तू आणि खिशातली नोट काढताच हातात पडणारी वस्तू यांत फरक आहे.

आपल्याकडे ही रेघ कशी पुसली गेली, हा इतिहास मजेशीर नाही, खेदाचा आहे. ग्लॅडस्टन यांनी घरगुती बीअरला परवाना लावला त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्यात आबकारी कायदा झाला. ताडीच्या झाडांवर कर बसला, गावोगाव मोहाची दारू गाळण्याला बंदी आली, उत्पादन मोठ्या भट्ट्यांत आणि मक्तेदारांच्या हाती गेले. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने तर मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. जी फुले आदिवासी घरात अन्न म्हणूनही खाल्ली जातात, ती साठवणे संशयास्पद ठरले! कारण इथेही तेच होते: तिजोरी. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या विचाराने दारूबंदी आली, तिचा हेतू निराळा आणि थोर होता. पण घरातले मडके आणि बाजारातली बाटली यांत फरक न करण्याची सवय तशीच राहिली.

परिणाम काय? आज पुण्या-मुंबईत शुल्क भरून परवाना घेतलेल्या हॉटेलात काचेमागे बीअर तयार होते आणि समोर बसलेल्याला विकली जाते. विकायला केली तर चालते, स्वतःपुरती केली तर गुन्हा. ब्रिटनचा नियम याच्या बरोबर उलटा आहे. नीतीच्या दृष्टीने पाहिले तर यातला कोणता अधिक समंजस, हे वाचकांनीच ठरवावे.

मला कायद्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या हव्या आहेत. आंबवणे निराळे आणि गाळणे निराळे. स्वतःसाठी करणे निराळे आणि विकणे निराळे. धान्या-फुलांपासून केलेले पेय निराळे आणि कारखान्यातले मिथेनॉल मिसळलेले विष निराळे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे शंभरावर माणसे दगावली, ती या तिसऱ्या प्रकाराने. तो विक्रीचा धंदा होता. कोणाच्या घरचे पिंप नव्हते. अशा धंद्यामागे लागायला हवे ते पोलिसांचे बळ कोणाच्या परसातल्या मडक्यावर का खर्ची पडावे? मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती मोहाची दारू करण्याची सूट आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. म्हणजे आपल्या देशाला हा विचार अगदीच अपरिचित नाही.

हे बदल उद्याच व्हावेत असा माझा हट्ट नाही. ज्या गावाने दारूबंदी मागितली आहे तिथे ती राहावी. त्या गावातल्या बायकांचा शब्द शेवटचा मानावा. पण जिथे सरकार स्वतःच दारूविक्रीच्या महसुलावर चालते, तिथे घरी करणाऱ्याला नीतीचे धडे देण्याचा अधिकार त्याला कितपत उरतो? विक्रीला पूर्ण बंदी या अटीवर ब्रिटनमध्ये, आणि सज्ञान माणूस व ठरलेली मर्यादा या आणखी दोन अटींसह अमेरिकेत, गृहस्थावर विश्वास टाकला गेला. तो निर्णय मागे घेण्याची पाळी दोन्ही देशांवर आलेली नाही. कायद्याने जरूर कडक असावे. पण चुलीपाशी नव्हे, दुकानापाशी.