गोवळकोंड्याच्या नावाचे मोल

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात हिऱ्यांची खाण नव्हती. तिथे बाजार होता, हिरे यायचे कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून. तरी आज लिलावात ‘गोवळकोंडा’ म्हटले की भाव चढतो. कारण सांगितले जाते शुद्धतेचे: गोवळकोंड्याच्या नामांकित हिऱ्यांत नायट्रोजन जवळजवळ नसतो, त्यामुळे ते पाण्यासारखे नितळ दिसतात. पण १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिराही त्याच प्रकारचा. आणि खुद्द हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातला १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा, तोही आफ्रिकेचाच! कुणी म्हणेल, संग्राहक रसायन नव्हे, इतिहास विकत घेतो. मान्य, मग इतिहासाचा पुरावाही मागावा. प्रयोगशाळेत हिऱ्याचा प्रकार कळतो, खाण नव्हे. जुनी नोंद नसेल, तर नुसत्या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.