नऊ महिन्यांचे दीड गुण

जूनपासून शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या संशोधकांची पत्रे येत आहेत. विषय वेगवेगळे, तक्रार एकच. प्रबंध सादर झाला, मौखिकी झाली, पीएच.डी.चे नोटिफिकेशन हातात आले आणि पुन्हा सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीच्या, मुलाखतीला बाकावर बसावे लागले.

सीएचबीचा फेरा आपल्या वाचकांना पाठ आहे. मूळ कागदपत्रांची फाईल, कायम करण्याची मागणी करणार नाही असे हमीपत्र, मग विद्यापीठ मान्यतेची वाट. मानधनाची बिले उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातात, त्रुटी लागून परत येतात. एका वाचकाला पहिल्या सत्राचे मानधन मिळाले ते दुसऱ्या सत्राच्या परीक्षा सुरू झाल्यावर.

एवढे सोसून पदरात काय पडते? यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकांच्या छाननीचे शंभर गुणांचे कोष्टक आहे. पीएच.डी.ला 25, शोधनिबंधांना 6, अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला 2 आणि जास्तीत जास्त 10. वर्ष पुरे भरले नाही, तर गुण त्या प्रमाणात कमी. म्हणजे नऊ महिने शिकवले की दीड गुण. दहा गुण भरायला जवळजवळ सात वर्षे! उन्हाळ्याचे महिने शिक्षकाने सोडलेले नसतात. नेमणूकच तेवढी दिली जाते आणि कपात मात्र त्याच्या गुणांतून होते. त्यात मान्यतेचे पत्र फाईलला नसेल, तर तो दीड गुणही वादात. हा शुद्ध अन्याय आहे. मान्यतेला मुदत घाला, मुदतीत उत्तर नाही आले तर मान्यता गृहीत धरा आणि सलग दोन सत्रे म्हणजे एक वर्ष, असे लेखी स्पष्ट करा. यासाठी समिती नेमण्याची गरज नाही.

पण सगळे खापर कार्यालयांवर फोडून चालणार नाही. जुलै 2023पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट पुरेशी ठरली. तरीही आपले बहुतेक मार्गदर्शक विद्यार्थ्याला प्राध्यापकीखेरीज दुसरी वाट दाखवत नाहीत. यूजीसीच्या 2022च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे प्रकरणे किती झाली, पेपर किती छापले, हे विचारतात. पुढे काय करणार, हे विचारत नाहीत. ‘आधी डिग्री तर होऊ दे’ हे उत्तर देणाऱ्या मार्गदर्शकाने त्या मुलाची पाच-सहा वर्षे आपल्या हाताखाली जाणार आहेत, हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या वाटा जवळच आहेत. रांजणगावची एमआयडीसी शिरूर-पुणे एसटीच्या खिडकीतून रोज दिसते. कुरकुंभची रासायनिक वसाहत तर दौंड तालुक्यातच आहे. तिथल्या प्रयोगशाळेला पेपरांची सहा पानी यादी नको असते. एचपीएलसी यंत्र स्वतः चालवले का, मेथड व्हॅलिडेशन केले का, अशुद्धी कुठली निघाली आणि ती कशी ओळखली, हे एका पानात हवे असते. आपला रसायनशास्त्राचा संशोधक हे सगळे करतो आणि बायोडेटात मात्र लिहीत नाही, कारण तसे लिहायला त्याला कोणी शिकवलेलेच नसते. ऊस, माती, पाणी यांवर काम करणाऱ्यांना मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट जवळ आहे. विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांना पेटंट एजंटची परीक्षा खुली आहे. इतिहासवाल्यांनी 2023 आठवावे. जुन्या कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी लिपी वाचणारे मिळेनात. प्रबंधासाठी मोडी शिकलेल्याच्या हाती तेव्हा एक मागणी असलेले कौशल्य होते.

प्राचार्यांनो, दिवाळीपूर्वी तुमच्या संशोधन केंद्राची एक तरी भेट कुरकुंभ किंवा रांजणगावला ठरवा. विनंतीचे पत्र तुमच्या सहीने जाऊ द्या, विद्यार्थ्याला एकट्याला गेटवर कोणी आत घेत नाही. मार्गदर्शकांनो, येत्या बैठकीत ‘पुढे काय?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर अहवालात लिहून घ्या. आणि सीएचबीवरच्या मित्रांनो, मान्यतेचा प्रस्ताव कधी गेला, बिल कधी गेले, पैसे कधी जमा झाले, या तीन तारखा आम्हाला कळवा. तुमचे नाव न छापता आम्ही त्या सहसंचालकांपुढे ठेवू.